आवाज कुठून येतो, कशाने अडतो

पौषातल्या पहाटे चार-साडेचारला गोंदियाजवळच्या कुडव्यात जाग आली की रेल्वेचे रूळ उशाशी असल्यासारखे वाटतात. मालगाडीचा खडखडाट डबे मोजता येतील इतका स्वच्छ ऐकू येतो. तीच गाडी वैशाखात दुपारी दोनला जाते तेव्हा तिचा हॉर्नसुद्धा पुसट लागतो. रूळ हलले नाहीत, घर हललं नाही. कारण विचारलं तर बहुतेक जण म्हणतात, पहाटे शांतता असते म्हणून. हे खरं आहे, पण निम्मंच. उरलेलं निम्मं कारण हवेत आहे. ते नीट कळलं तर प्लॉट घेताना, घर बांधताना, अगदी कूलर कोणत्या खिडकीला लावायचा हे ठरवतानाही उपयोगी पडतं.

आवाज गरम हवेत जास्त वेगाने धावतो. आठ अंशांच्या थंडीत त्याचा वेग सेकंदाला साधारण ३३६ मीटर असतो, तर पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ३५८ मीटर. दिवसा जमीन तापते, तिच्या लगतची हवा सर्वांत गरम होते आणि वर जावं तशी हवा थंड. अशा हवेतून येणाऱ्या लहरीचा खालचा भाग पुढे पळतो, वरचा मागे राहतो आणि सगळी लहर वरच्या दिशेला वळते. गाडीचा आवाज आपल्या डोक्यावरून निघून जातो. हिवाळ्याच्या रात्री उलटं घडतं. जमीन आणि ओल्या बांध्या गार पडतात, थंड हवेचा थर खाली साचतो, त्याच्यावर उबदार हवा राहते. आता लहर खाली वळते आणि दूरवर गेलेला आवाजही परत जमिनीवर उतरतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडया भरतात, रात्रभर नाटकं चालतात. शेजारच्या गावच्या नाटकातला संवाद आपल्या अंगणात ऐकू येतो, तो याच थंड हवेच्या कृपेने.

वाऱ्याचंही असंच. वारा आवाज उचलून आणतो असं आपण म्हणतो, पण वाऱ्याचा वेग आवाजापुढे काहीच नाही. जमिनीजवळ वारा मंद आणि वर जोराचा असतो, त्यामुळे वाऱ्याच्या दिशेने निघालेली लहर खाली वळते आणि वाऱ्याविरुद्ध निघालेली वर जाते.

यातून पहिला सल्ला. रेल्वेजवळ, राईस मिलजवळ किंवा मोठ्या रस्त्याजवळ प्लॉट बघायचा असेल तर तो दुपारी बघू नका. हिवाळ्यात, वारा पडलेला असताना, पहाटे तिथे जाऊन पंधरा मिनिटं नुसतं उभं राहा. त्या जागेचा खरा आवाज तेव्हाच कळतो. गोंदिया जंक्शनवरून मुंबई-हावडा मुख्य मार्ग जातो, बालाघाट-जबलपूरकडे आणि नागभीड-बल्लारशाहकडे फाटे फुटतात. इथे गाड्यांना रात्र-दिवस नसतो. अंतराचा हिशोबही वेगळा लागतो. एका जागी वाजणारं यंत्र किंवा भोंगा असेल तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केल्यावर आवाज सहा डेसिबलनी उतरतो. लांबलचक मालगाडी मात्र एक ठिपका नसून रेघ असते, तिचा खडखडाट दुप्पट अंतरावर जेमतेम तीन डेसिबलनी उतरतो. शंभर मीटरवरचा प्लॉट सोडून दोनशे मीटरवरचा घेतला म्हणजे शांतता मिळाली, असं समजू नका.

घट्ट वस्तूतून आवाज जास्त धावतो, मग भिंत त्याला अडवते कशी?

शाळेत आपण शिकलो, की आवाज हवेपेक्षा पाण्यात वेगाने जातो आणि पाण्यापेक्षा लोखंडात. हवेत सेकंदाला ३४० मीटर, पाण्यात सुमारे १५००, लोखंडाच्या सळईत ५००० च्या आसपास. मग विटांच्या भिंतीने आवाज अडण्याऐवजी आणखी जोरात यायला हवा. हा प्रश्न फार चांगला आहे आणि बहुतेक पुस्तकं तो टाळून पुढे जातात.

उत्तर तलावात आहे. आपल्याकडे मालगुजारी तलावांची कमी नाही. ज्यांनी लहानपणी डुबक्या मारल्या आहेत त्यांनी हे अनुभवलंय: डोकं पाण्याखाली गेलं की काठावरच्याची हाक जवळजवळ नाहीशी होते, पण पाण्याखाली कोणी दोन दगड एकमेकांवर आपटले तर कानाजवळ आपटल्यासारखे ऐकू येतात. पाण्यात आवाज उत्तम चालतो, अडचण आत शिरण्याची आहे. हवा हलकी आणि मऊ, पाणी जड आणि घट्ट. हवेतून आलेली लहर पाण्याच्या पृष्ठभागावर आदळते तेव्हा तिच्या शक्तीचा हजारातला फक्त एक हिस्सा आत जातो, बाकीची शक्ती उसळून मागे फिरते. विटेचं, लोखंडाचं, काँक्रिटचंही तेच. वेग वेगळा आणि प्रवेश वेगळा.

म्हणून घरात आवाज दोन वाटांनी येतो. एक वाट हवेची: बोलणं, हॉर्न, डीजे, टीव्ही. हा आवाज भिंतीच्या दाराशी अडतो, जेवढी भिंत जड तेवढा जास्त. दुसरी वाट धक्क्याची: वरच्या मजल्यावर खलबत्त्याचा ठोका, गच्चीला बोल्टने कसलेला पंप, फरशीवर ओढलेली खुर्ची. हा आवाज जन्मालाच घट्ट वस्तूत येतो. त्याला प्रवेशाची अडचण नाही. तो स्लॅब, बीम, भिंत असा पसरत चार खोल्या ओलांडून जातो. खात्री करायची तर घराच्या लांब लोखंडी ग्रिलला एका टोकाला कान लावा आणि दुसऱ्या टोकाला कुणाला तरी नखाने हळूच खाजवायला सांगा. हवेतून ऐकू न येणारा तो आवाज लोखंडातून स्पष्ट येईल. रुळाला कान लावून हा प्रयोग करणाऱ्या मुलांना मात्र कडक शब्दांत थांबवा. विजेवरची गाडी वळणावरून किती शांतपणे अंगावर येते, हे मोठ्यांनाही कळत नाही.

या दोन वाटांचे उपाय वेगळे आहेत. माझ्या पाहण्यात लोकांचे जे पैसे वाया गेले, ते बहुतेक एका वाटेचा उपाय दुसऱ्या वाटेला लावल्यामुळे.

भिंतीच्या आधी फटी बघा

हवेतून येणाऱ्या आवाजासाठी पहिला शत्रू फट. समजा भिंत इतकी चांगली आहे, की तिच्यातून काहीच येत नाही. तिच्या क्षेत्रफळाच्या शंभरात एक भागाएवढी उघडी फट ठेवली तर शंभरातला एक भाग आवाज आत येणारच, म्हणजे सगळ्या भिंतीचा रोध वीस डेसिबलवर येऊन थांबतो. मग मागे नऊ इंची वीट असो की दीड फुटाची माती. नव्वद सेंटिमीटर रुंद आणि दोन मीटर दहा सेंटिमीटर उंच दाराखाली बोटभर, म्हणजे एक सेंटिमीटर फट असेल तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या जवळपास अर्धा टक्का होते. म्हणजे सागवानी दार लावून उपयोग तेवीस डेसिबलपर्यंतच. त्या फटीला शंभर-दोनशे रुपयांची रबरी पट्टी लावणं हे नवं दार घेण्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

रात्री खोलीतला दिवा लावून बाहेरून बघा, नाहीतर बाहेर टॉर्च धरून आतून बघा. जिथून उजेड येतो तिथून आवाज येतो. खिडकीच्या चौकटीभोवतीची भेग, बोर्डासाठी फोडलेलं भोक, दोन खोल्यांच्या सामाईक भिंतीत पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड, पंख्याच्या वायरची नळी, हे सगळं सिमेंटने किंवा लांबीने बुजवा. सरकत्या अॅल्युमिनियम खिडक्या दिसायला छान असतात, पण त्यांच्या रुळात फट राहतेच. रेल्वेच्या बाजूला कब्जाची, दाबून बंद होणारी आणि रबरी किनार असलेली खिडकी घ्या. आणखी खर्चाची तयारी असेल तर त्याच चौकटीच्या आतल्या बाजूला चार-पाच इंच अंतर सोडून दुसरी काच लावा. एकाच चौकटीत चिकटवलेल्या दोन काचांपेक्षा हे अंतर जास्त काम करतं.

इथे विदर्भाची खरी अडचण येते. मार्चअखेरपासून जूनपर्यंत कूलरशिवाय आपलं चालत नाही, आणि कूलरला उघडी खिडकी लागते. त्या दोन-तीन चौरस फुटांच्या मोठ्या फटीपुढे बाकीची सगळी मेहनत फिकी पडते. म्हणून नकाशा काढतानाच ठरवा, की झोपायच्या खोलीची कूलरची खिडकी रूळ, रस्ता किंवा मिल यांच्या विरुद्ध बाजूला असेल. घर स्वतःच मध्ये आडवं येतं आणि मागच्या बाजूला आवाज ठळकपणे कमी होतो. घर बांधून झालेलं असेल तर खोल्यांची अदलाबदल करा. समोरच्या बाजूला बैठक, स्वयंपाकघर, न्हाणीघर. मागे झोप आणि मुलांचा अभ्यास. याला एक पैसा लागत नाही.

फटी बुजल्यावर वजन. भिंतीचं दर चौरस मीटर वजन दुप्पट केलं की रोध साधारण पाच-सहा डेसिबलनी वाढतो. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो, एवढं लक्षात ठेवलं तर पुरे. नऊ इंची विटेची भिंत दर चौरस मीटरला चारशे किलोच्या वर जाते, जुन्या घरांची दीड फुटी मातीची भिंत सातशेच्या आसपास. आजोबांच्या घरात शांत का वाटायचं, त्याचं मोठं कारण ते वजन. वर कवेलू असल्यामुळे आवाज छपरातून यायचा, भिंतीतून नाही. याउलट अर्धा मिलिमीटर टिनाचा पत्रा चौरस मीटरला फक्त चार किलो भरतो. आता बांधकाम करणार असाल तर हलके एएसी ब्लॉक आणि फ्लाय अॅशची जड वीट यांत निवड करताना हेही मोजा. ब्लॉक उष्णता चांगली अडवतो, काम झटपट होतं, पण त्याच जाडीत आवाज अडवायला वीट सरस. मी स्वतः रेल्वेच्या बाजूची एक भिंत विटेची आणि बाकीच्या ब्लॉकच्या, असं सुचवीन.

थर्माकोल लावू नका. तो उष्णतेसाठी ठीक, आवाजासाठी जवळजवळ निरुपयोगी. त्यात वजन नाही आणि त्याची छिद्रं बंद असल्यामुळे तो शोषतही नाही. अंड्यांचे ट्रे भिंतीवर चिकटवण्याची कल्पना तर त्याहून वाईट. ते काही अडवत नाहीत, आग मात्र झटकन पकडतात. कंपाउंडच्या कडेला लावलेल्या अशोकाच्या ओळीने सावली आणि मनाला बरं वाटणं मिळेल, आवाज फारसा कमी होणार नाही. झाडं लावा, पण त्या अपेक्षेने नको. आवाजासाठी कंपाउंडची भिंत बरी, तीसुद्धा इतकी उंच असेल की खिडकीतून आवाजाचं मूळ दिसणार नाही, तरच.

डीजेच्या ढुम-ढुमपुढे हे सगळे उपाय अपुरे पडतात, हे आधीच सांगायला हवं. पन्नास हर्ट्झच्या खर्जाची लहर सात मीटर लांब असते, पाच हजार हर्ट्झच्या चिरक्या आवाजाची फक्त सात सेंटिमीटर. लांब लहरीला पडदा, गादी, फोम जाणवतही नाही आणि कोपऱ्याला वळसा घालून ती सहज आत येते. भिंतीआड गाण्याचे शब्द गळतात आणि ठोका तेवढा छातीत उरतो, तो यामुळेच. खर्ज उगमापाशीच कमी करावा लागतो. त्यासाठी कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. राज्य सरकार वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, बारापर्यंत सवलत देऊ शकतं. दवाखाने, शाळा, न्यायालयांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. तक्रार ११२ वर करता येते. पण लग्नघर शेजारचंच असेल तर आदल्या दिवशी जाऊन, घरात आजारी माणूस किंवा परीक्षेचं मूल आहे, स्पीकरचं तोंड या बाजूला नको, एवढं सांगितलेलं मला जास्त उपयोगी पडलेलं आहे.

टुल्लू पंप, टिनाचं छप्पर आणि धक्क्याची वाट

धक्क्याच्या आवाजाला जड भिंत उपाय नाही. तिथे जोड तोडायचा असतो. टुल्लू पंप फरशीवर किंवा भिंतीच्या कोनाड्यात पक्का बसवला की सगळं घर त्याचा डबा होतं. पंपाखाली जाड रबर ठेवा, जुन्या टायरचा दुहेरी तुकडाही चालतो. पंपाला जोडलेला पहिला दोन-तीन फुटांचा पाइप कडक पीव्हीसीऐवजी रबरी ठेवा, नाहीतर खालून तोडलेली कंपनं पाइपातून भिंतीत जातील. पाइप भिंतीला क्लिपने बांधताना मध्ये रबराची चकती घाला. कूलरच्या स्टँडच्या चार पायांखाली आणि तो खिडकीच्या चौकटीला टेकतो तिथे हेच करा. वरच्या मजल्यावर खलबत्ता, शिलाई मशीन, पिठाची छोटी गिरणी असेल तर त्याखाली रबरी चटई. खालच्या घराच्या छताला काही लावण्यापेक्षा वरच्या चटईचा गुण मोठा.

टिनाच्या छपरावर पाऊस पडतो तेव्हा आत बोललेलं ऐकू येत नाही. पत्रा हा तबल्याच्या पुडीसारखा ताणलेला असतो, प्रत्येक थेंब त्यावर ठोका देतो. त्या ठोक्याची शक्ती पत्र्यातच जिरवली तर काम होतं. पत्र्याच्या खालच्या बाजूला डांबराचा चिकट थर असलेली जड शीट दाबून चिकटवली की पत्र्याची थरथर मरते. त्याखाली चार-सहा इंच पोकळी सोडून जिप्समचं छत आणि वर रॉकवूल घातलं तर फरक आणखी मोठा पडतो. पत्र्यावर किंवा छताच्या पोकळीत तणीस भरण्याचा मोह होईल, कारण ते आपल्याकडे ढिगाने असतं आणि आवाज शोषतंही. घरात ते नको. आग, उंदीर, ओल, तिन्ही एकदम येतात. पत्र्याचे सैल स्क्रू मात्र दरवर्षी रोवणीच्या आधी आवळा, निम्मा खडखडाट तिथला असतो.

समाजमंदिरातला माइक वाढवू नका

आतापर्यंत आवाज अडवण्याचं झालं. शोषण्याचं काम वेगळं आहे, ते खोलीच्या आतल्या आवाजासाठी. गावोगावच्या समाजमंदिरांत, शाळांच्या सभागृहांत वक्ता बोलतो आणि शब्द एकमेकांवर चढतात. लोक म्हणतात माइक वाढवा, आणि आणखी गोंधळ होतो. तिथे आवाज कमी नसतो, जुना आवाज विरलेला नसतो.

आवाज विरण्याचा हिशोब १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने बसवला. तिथल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं समजत नसे. त्याने रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून अंथरल्या, ऑर्गनचा सूर थांबल्यावर आवाज किती सेकंद रेंगाळतो ते मोजलं आणि सकाळ होण्याआधी गाद्या परत नेऊन ठेवल्या. शोषणाचं त्याचं माप होतं उघडी खिडकी, कारण खिडकीवर पडलेला आवाज परत येतच नाही.

त्याचं सूत्र आपल्या मापाच्या सभागृहाला लावून बघू. बारा मीटर लांब, आठ रुंद, चार उंच, टाइल्सची फरशी, गिलावा, काँक्रिटचं छत. रिकामं असताना आवाज विरायला जवळपास सहा सेकंद लागतात. वीस माणसं बसली तर तीन. शंभर माणसं खच्चून भरली तर एक सेकंदाच्या थोडं वर, कारण माणसाचे कपडे आणि अंग चांगलं शोषतात. भाषण समजायला एक सेकंदाच्या आसपास हवा. वीस माणसांच्या सभेत दहा चौरस मीटर खिडक्या उघडल्या तर तीनचे दोन सेकंद होतात, फुकटात. मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर मिळून चाळीस चौरस मीटर भागात दोन इंची रॉकवूलचे कापडाने मढवलेले चौकोन लावले तर वीस माणसांतही सव्वा सेकंदाजवळ येतं. पैसे नसतील तर जाड गोधड्या आणि सतरंज्या भिंतीपासून वीतभर अंतरावर टांगा. भिंतीला चिकटवल्या तर त्यांचा गुण घटतो, कारण हवेची हालचाल भिंतीलगत सर्वांत कमी असते. आणि नवं समाजमंदिर बांधताना आतून घुमटाकार छत देऊ नका. विजापूरच्या गोल घुमटात एका बाजूची कुजबुज समोरच्या टोकाला ऐकू येते आणि टाळी पुनःपुन्हा परतते. बघायला ते अद्भुत आहे, ग्रामसभा घ्यायला नाही.

मिलमध्ये काम करणाऱ्यांसाठी

गोंदियाच्या राईस मिलमध्ये दिवसभर उभं राहणाऱ्यांसाठी एक साधी कसोटी: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल तर तिथे आवाज ८५ डेसिबलच्या वर आहे असं समजा. ८५ ला आठ तास, आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा, हा जगभर वापरला जाणारा हिशोब आहे. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. वरातीत डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या पोरांनाही हाच हिशोब लागू आहे. कानाच्या आतल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. संध्याकाळी घरी आल्यावर कानात शिटी वाजत राहिली तर ती कानाला इजा होत असल्याची खूण समजा.

कापसाच्या बोळ्याने फार काही अडत नाही, त्यातून हवा जाते. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे घ्या, पण ते नुसते कानात खोचू नका. हात धुऊन बोळा बोटांत वळून काडीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत तीस-चाळीस आकडे मोजत बोटाने धरून ठेवा. मग स्वतःचं नाव मोठ्याने घ्या. आवाज डोक्यात, हंड्यात बोलल्यासारखा घुमला तर बोळा नीट बसला आहे. बाहेरची हवेची वाट बंद झाली आणि तुम्हाला आता तुमचा आवाज हाडांतून येतोय. घुमला नाही तर काढा आणि पुन्हा घाला.